औषधाचा भाव कोण ठरवितो?

औषध डॉक्टर लिहून देतो, पैसे रोगी मोजतो. घासाघीस करण्याची सोयच नाही. म्हणून सरकारने भाव बांधून द्यावयाचा. १९७९ साली नियंत्रणाखाली ३४७ मूळ औषधद्रव्ये होती. १९८७ साली १४२ झाली, १९९५ साली ७४ उरली. हे आपोआप घडले काय? भाव बांधला तर माल निघणार नाही, हे कारखानदारांच्या संघटनांनी दिल्लीत सतत बजावले. त्यात तथ्यांश असेलही; पण मग खर्चाचा हिशेब उघडा करावा.

उलट बाजूने ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क २००३ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ च्या आदेशाने आवश्यक यादीतील ३४८ औषधे नियंत्रणाखाली आली. मात्र हिशेब बदलला: उत्पादनखर्च सुटला, बाजारात निदान १ टक्का वाटा असलेल्या मालाच्या भावांची सरासरी आणि तीवर दुकानदाराचे १६ टक्के, ही कमाल किंमत! म्हणजे चढे भावच मर्यादा ठरविण्यात सामील झाले.

कारखानदार थोडे, लाभ मोठा; ते सहज एकवटतात. रोगी कोट्यवधी, पण विखुरलेले. कामगार चळवळीत आम्ही शिकलो ते हेच: विखुरलेल्यांचे गाऱ्हाणे सरकारदरबारी पोहोचत नाही.