रुपयात किती आणे?

शिंदखेड्याजवळचं खेडं. धाब्याचं घर, ओट्यावर वेचून आणलेल्या कापसाचा ढीग, आतल्या खोलीत खाटेवर आबा. आयुष्यभर तंबाखू मळली. आता डाव्या गालाला कॅन्सरची आरपार जखम आहे, जबडा उघडत नाही, नाकात नळी आहे.

सिस्टर खाटेच्या काठावर बसते. "आबा, रुपयात किती आणे दुखस?" दहापैकी किती, हा दवाखान्यातला प्रश्न इथे कुणाला उमगत नाही. आबा चार बोटं वर करतात, मिटतात, पुन्हा चार. आठ आणे. "मागच्या खेपेला बारा होते," सून म्हणते.

सुनेचा मोबाइल वाजतो. दोन वाजले. मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी ती दोन चमच्यांमध्ये दाबते, भुगा पाण्यात ढवळते, सिरिंजनं नळीत सोडते, मागून साधं पाणी. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर वेळा लिहून टांगल्यात: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10. शेवटच्या वेळेपुढे दोन टिंबं. रात्री दोन गोळ्या दिल्या की मध्येच उठवावं लागत नाही.

"दुखत नसलं तरी द्यायची," सिस्टर बजावते. "चारेक तासांत असर उतरतो. दुखणं उसळल्यावर धावपळ नको." जुलाबाची गोळीही चुकवायची नाही, पोट कडक झालं की घरचे मॉर्फिनच बंद करतात.

पट्टी सलाइननं भिजवून ती सावकाश सोडवते. वास खोलीभर पसरतो, दारातली नातवंडं मागे सरतात. मेट्रोनिडाझोलच्या कुटलेल्या गोळ्यांची पूड जखमेवर बसते. त्यानं वास हटेल, गाठ नाही. हे सिस्टर लपवत नाही.

चुलीपाशी बसलेली म्हातारी विचारते, "ताई, ही अफूनी गोळी शे ना? सवय लागी जाई."

"माय, दुखण्यापुरती मोजून दिलेल्या गोळीनं व्यसनी झालेला पेशंट मी अजून पाहिला नाही."

म्हातारीला ते पुरतं पटलेलं दिसत नाही. अफूचं तर खरंच आहे. सरकारी परवान्यावर ती शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचला पिकते. आपल्याच शेतातलं औषध, आणि गावच्या मेडिकलवर मिळत नाही! पाकिटात चौदा गोळ्या उरल्यात, म्हणजे जेमतेम सव्वादोन दिवस. मुलगा आज फाइल घेऊन मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात निघालाय. ऐन वेचणीत.

2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला. तेव्हापासून दवाखान्याला मॉर्फिन ठेवायला पूर्वीसारखे चार-चार परवाने लागत नाहीत. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आणि राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरते. आमदार, जिल्हा परिषद सदस्य, डॉक्टर मंडळी, कुणीही मनावर घ्यावं: तालुक्यातला एक डॉक्टर प्रशिक्षणाला पाठवा आणि मान्यतेचा अर्ज करा.