फोटोचे दप्तर कोणाच्या हाती?

चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातून आजारी माणूस जळगावला वा धुळ्याला निघाला, की सोबतच्याच्या काखेत एक मोठे पाकीट असते. त्यात ‘फोटो’, म्हणजे क्ष-किरणचित्र. हे पाकीट हरवले तर काय होतं बघा. छातीतला डाग वाढला की कमी झाला, हे जुने चित्र नव्याशेजारी ठेवल्याशिवाय नीट कळत नाही.

आता पुष्कळ ठिकाणी चित्र सरळ संगणकात उमटते. सी.टी. स्कॅन तर एक चित्र नव्हेच. केळ्याच्या चकत्या कराव्यात, तशी शरीराच्या कापांची शेकडो चित्रे असतात. ती जपून ठेवायची, ज्याची त्याच्या नावावर लावायची आणि मागताक्षणी डॉक्टरांपुढे धरायची, असे हे दप्तराचे काम आहे.

यंत्रे मात्र नाना कंपन्यांची. त्यांना एकमेकांचे कळावे म्हणून अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व यंत्रनिर्माते यांनी १९८५ साली समान नियम केले. १९९३ पासून त्यांना ‘डायकॉम’ म्हणतात. डायकॉममध्ये चित्र आणि रुग्णाचे नाव, तारीख, तपासणीचा प्रकार ही माहिती एकाच फाइलीत राहते.

हे दप्तर सांभाळणारे सॉफ्टवेअर दोन तऱ्हेचे. एकाची आतली रचना विकणाऱ्यालाच ठाऊक. करार संपला, की आपलेच दप्तर बाहेर काढणे जड जाते. दुसरे मुक्त. त्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, दुरुस्त करावी. परवान्याचे पैसे नाहीत. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या रुग्णालयात तयार होऊन २०१२ साली बाहेर आलेले ‘ऑर्थँक’ साध्या संगणकावरही चालते. आपल्या देशात छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या ग्रामीण रुग्णालयासाठी ‘बहमनी’ तयार झाले. त्यात केसपेपर, प्रयोगशाळा आणि क्ष-किरणचित्रे एकत्र जोडता येतात.

तुम्ही म्हणाल, मग हे फुकटच की! तसे नाही. साक्रीकडची पांझरेवरची फडपद्धत आठवा. बंधारा साऱ्यांचा; पण पाटकरी नसेल आणि गाळ काढला नाही, तर पाणी शेतात पोचायचे नाही. इथेही जाणता माणूस हवा, वीज हवी, आणि दप्तराची दुसरी प्रत वेगळ्या जागी हवी.

म्हणून रुग्णालयाच्या कारभाऱ्यांनी खरेदीपूर्वी दोन प्रश्न विचारावेत : उद्या आमचे दप्तर संपूर्ण परत मिळेल ना? आणि ते सांभाळणार कोण?

शिक्षकबंधूंनो, तुम्ही गावात एवढे सांगा. तपासणीनंतर डायकॉम फाइलींची सीडी मागून घ्यावी. मोबाइलने टिपलेल्या फोटोत बारकावे हरवतात. ती सीडी वाटेल त्याच्या हाती देऊ नये, कारण त्यात आपले नावही असते. आजार आपला, तसे त्याचे दप्तरही आपले आहे.