अमेरिकी मतदार आणि उमेदवाराचा वर्ण

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदाराचा वर्ण कळला, की त्याचे मत कोणाला गेले असेल याचा अंदाज बऱ्याच अंशी बांधता येतो. जातीच्या गणितांची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. मात्र मतदार उमेदवाराची कातडी पाहून मत देतो, एवढाच याचा अर्थ घेतला तर तो २००८ च्या निवडणुकीपुढे टिकत नाही. मतदान गुप्त असल्याने त्याची वर्णनिहाय आकडेवारी मुख्यतः एक्झिट पोलमधून, म्हणजे मत देऊन केंद्राबाहेर पडणाऱ्या निवडक मतदारांकडून निनावी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून मिळते, आणि म्हणून ती अंदाजाचीच असते. तिच्यानुसार बराक ओबामा यांना कृष्णवर्णीयांची ९५ टक्के, तर गौरवर्णीयांची ४३ टक्के मते पडली. दुसरा आकडा तोकडा वाटतो खरा. परंतु चार वर्षांपूर्वी त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे गौरवर्णीय उमेदवार जॉन केरी यांना याच गटातून ४१ टक्केच मते मिळाली होती, आणि १९६४ मध्ये विजयी झालेल्या लिंडन जॉन्सन यांच्यानंतर या पक्षाच्या एकाही उमेदवाराला गौरवर्णीयांचे बहुमत लाभलेले नाही.

याचे मूळ उमेदवारांपेक्षा पक्षांच्या इतिहासात अधिक आहे. रिपब्लिकन पक्ष हा गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचा पक्ष असल्याने कृष्णवर्णीय मतदार दीर्घकाळ त्याच्या पाठीशी राहिले, तर दक्षिणेत वर्णभेद टिकवून धरणारी राजकीय यंत्रणा डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती होती. वर्णावरून मताधिकार नाकारण्यास १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मनाई केली असली, तरी मत देण्याआधी भरावा लागणारा मतदानकर आणि जिचा निकाल नोंदणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे अशी साक्षरता परीक्षा, यांच्या आडून दक्षिणी राज्यांनी ती दुरुस्ती निष्प्रभ करून टाकली. महामंदीच्या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मदत योजनांमुळे कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकू लागला. पण खरी उलथापालथ झाली ती १९६४ मध्ये, जेव्हा जॉन्सन यांनी सार्वजनिक ठिकाणी व नोकरीत वर्णभेदास बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर स्वाक्षरी केली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिले. देशभर दारुण पराभव झालेल्या गोल्डवॉटर यांनी स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज जिंकली ती दक्षिणेतील पाचच राज्ये. त्यांपैकी मिसिसिपीत, जेथे बहुसंख्य कृष्णवर्णीयांना अद्याप मतच देता येत नव्हते, त्यांना ८७ टक्के मते पडली. पुढील वर्षी मताधिकार कायदा आला, आणि त्यानंतरच्या दशकांत दक्षिणेतील गौरवर्णीय मतदार हळूहळू रिपब्लिकन गोटात स्थिरावला.

उमेदवाराच्या वर्णाचा स्वतंत्र परिणाम मोजणे मात्र कठीण असते, कारण पूर्वग्रह कोणी सहसा कबूल करीत नाही. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली मतदानपूर्व चाचण्यांत पुढे असूनही कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक थोडक्यात हरले, तेव्हापासून मतदार चाचणीत एक सांगतो आणि मत भलतेच देतो, या शक्यतेस ‘ब्रॅडली परिणाम’ म्हटले जाऊ लागले. व्हर्जिनियात १९८९ मध्ये झालेल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीच्या अभ्यासात तर असे आढळले की, प्रश्न विचारणारी व्यक्ती कृष्णवर्णीय असली की गौरवर्णीय मतदार कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर यांना पाठिंबा असल्याचे अधिक प्रमाणात सांगत. २००८ मध्ये अनेक भाष्यकारांनी याच परिणामाचे भाकीत वर्तवले होते, पण देशव्यापी चाचण्या आणि निकाल यांत तशी तफावत पडली नाही.

म्हणून वर्ण निष्प्रभ ठरला, असा निष्कर्ष काढणेही घाईचे होईल. आर्थिक अरिष्टामुळे सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाविरुद्ध वारे वाहत असतानाही अलाबामात ओबामांना गौरवर्णीयांची सुमारे १० टक्केच मते मिळाली, जेथे केरी यांना १९ टक्के मिळाली होती. उलट जेथील लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक गौरवर्णीय होते त्या आयोवाने पक्षांतर्गत उमेदवार निवडीत आणि अंतिम मतदानातही ओबामांनाच कौल दिला. देशाच्या सरासरीत ही दरी लपून जाते, आणि केवळ सरासरीवर विसंबणाऱ्या विश्लेषणाची मर्यादाही तीच आहे.

पक्षाशी जुळलेली ही नाती अढळ नसतात, हे अलीकडे लॅटिनो मतदारांनी, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मूळ असलेल्या नागरिकांनी, दाखवून दिले आहे. डोनाल्ड ट्रम्प यांचा त्यांच्यातील वाटा २०२० मधील सुमारे ३२ टक्क्यांवरून २०२४ मध्ये सुमारे ४६ टक्क्यांवर गेला. गौरवर्णीयांच्या बाबतीत मात्र २०२० चे गौरवर्णीय उमेदवार जो बायडेन आणि २०२४ च्या, जमैकन पिता व भारतीय माता यांच्या कन्या कमला हॅरिस, या दोघांनाही सुमारे ४१ ते ४२ टक्केच मते मिळाली.