विश्लेषण : ज्यू धार्मिक ग्रंथालयात कोणते पुस्तक ठेवायचे, हे कोण ठरवते?

ज्यू परंपरेत ग्रंथांचे अध्ययन हे धर्मकर्तव्य आहे. त्यामुळे सिनेगॉगमध्ये किंवा ‘येशिवा’ या धर्मपाठशाळेत एखादे पुस्तक कपाटात आहे, याचा अर्थ ते वाचायला हरकत नाही असा घेतला जातो. म्हणूनच निवडीवरून वाद होतात.

निवड कशी होते?

पहिला मान तोराहचा. त्यावर दुसरे पुस्तक ठेवायचे नाही, असाही दंडक आहे. मग संदेष्ट्यांचे ग्रंथ, ताल्मुद, भाष्ये आणि ‘शुलहान आरुख’सारख्या आचारसंहिता येतात. नवे पुस्तक असेल तर ‘हस्कामा’, म्हणजे नामवंत रब्बींचे संमतिपत्र, पाहिले जाते. १५५३ मध्ये रोममध्ये ताल्मुदच्या प्रती जाळण्यात आल्या. त्यानंतर १५५४ मध्ये फेरारा येथील रब्बींच्या परिषदेने तीन रब्बींच्या संमतीशिवाय नवे पुस्तक छापू नये, असे ठरवले. चर्चच्या रोषाला निमित्त मिळू नये, हाही त्यामागे हेतू होता.

काय वगळले जाते?

श्रद्धेला धक्का देणारे आणि अश्लील मानलेले लेखन. इमॅन्युएल ऑफ रोम या कवीच्या शृंगारिक रचनांचे पुस्तक वाचण्यास तर ‘शुलहान आरुख’मध्ये नाव घेऊन मनाई आहे. मात्र सर्व पंथांचे निकष एक नाहीत. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा करणारी पुस्तके सुधारणावादी संस्थांच्या ग्रंथालयात असतात. कर्मठ येशिवांत सहसा नसतात.

अलीकडचा मोठा वाद कोणता?

रब्बी नतान स्लिफ्किन यांचा. विश्वाचे वय कोट्यवधी वर्षे आहे आणि ताल्मुदकालीन विद्वानांची विज्ञानविषयक विधाने चुकू शकतात, असे त्यांनी मांडले. २००४-०५ मध्ये कर्मठ गटातील वीसहून अधिक रब्बींनी त्यांच्या तीन पुस्तकांवर बंदी घातली. प्रकाशकाने वितरण थांबवले, तेव्हा दुसऱ्या प्रकाशकाने ते हाती घेतले. धर्म आणि विज्ञान यांचा मेळ शोधणाऱ्या तरुणांसाठीच ही पुस्तके होती. त्यामुळे बंदीची झळ त्यांनाही बसली.

वगळलेले पुस्तक परत येते का?

येते. मायमोनिडीस यांच्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथावर १२३० च्या दशकात फ्रान्समधील काही रब्बींनी बंदी घातली होती. आज तो अभिजात ग्रंथ मानला जातो. ‘बेन सिरा’ हे पुस्तक हिब्रू बायबलमध्ये घेतले गेले नाही. ताल्मुदमध्ये ते वाचण्याला विरोध आहे आणि त्यातील वचनांचे दाखलेही आहेत. पुढे त्याची मूळ हिब्रू प्रत दिसेनाशी झाली. १८९६ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी कैरोहून आलेले एक जीर्ण पान ओळखले. ते ‘बेन सिरा’चे होते. त्यानंतर कैरोतील बेन एझरा सिनेगॉगच्या ‘गेनिझा’तून आणखी पाने मिळाली. देवाचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, म्हणून जुनी पुस्तके साठवण्याची ही खोली. बायबलबाहेर राहिलेल्या पुस्तकाची ही हिब्रू पाने याच प्रथेमुळे वाचली.