दीर्घकालीन फुफ्फुसविकार आणि शारीरिक हालचाल : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

ज्याला चार पावले चालताच धाप लागते, त्याने चालू नये, स्वस्थ बसून राहावे, हा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला दम लागू लागला की तिच्याकडील कामे एकेक करून काढून घेतली जातात. पाण्याचा तांब्याही जागेवर आणून दिला जातो. या काळजीमागील भावना निर्मळ असली, तरी तिचा परिणाम अनेकदा उलटा होतो. एकेकाळी वैद्यकशास्त्रही अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत असे. अमेरिकेतील डॉ. अल्व्हान बॅरॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये शारीरिक सरावाने या रुग्णांची चालण्याची क्षमता सुधारू शकते असे सुचविले, परंतु या विचाराला मान्यता मिळण्यास बराच काळ जावा लागला. आज मात्र शारीरिक हालचाल हा उपचाराचाच एक भाग मानला जातो. तो का मानला जातो आणि भारतीय परिस्थितीत त्याचा अर्थ काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विकाराचे स्वरूप

दीर्घकालीन फुफ्फुसविकारांमध्ये 'सीओपीडी' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अवरोधक विकार सर्वांत महत्त्वाचा होय. यात श्वासनलिका अरुंद होतात आणि वायुकोशांच्या नाजूक भिंती नष्ट होत जातात. दम्यातील अवरोध औषधाने बव्हंशी दूर होतो. सीओपीडीमध्ये तो पूर्णपणे दूर होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये या विकाराने जगात सुमारे ३५ लाख मृत्यू झाले. भारतात १९९० मध्ये त्याचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर पोहोचली, असे 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

धूम्रपान हे या विकाराचे प्रमुख कारण असले, तरी ते एकमेव नाही. पुण्यातील डॉ. संदीप साळवी आणि लंडनमधील डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे लक्ष वेधले. लाकूड, गोवऱ्या आणि पिकांचे अवशेष जाळणाऱ्या चुलीसमोर आयुष्य घालविलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियाही या विकाराच्या बळी ठरतात.

धाप आणि निष्क्रियता यांचे दुष्टचक्र

निरोगी व्यक्ती चालू लागली की तिचा श्वास जलद होतो व आत घेतलेली हवा तितक्याच सहजतेने बाहेर पडते. अरुंद श्वासनलिकांतून उच्छ्वास पूर्ण होण्यास अधिक वेळ लागतो. श्वास जलद झाला की हा वेळ मिळत नाही. आधीची हवा आत असतानाच पुढचा श्वास घ्यावा लागतो. छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. रुग्णाला जाणवणारी घुसमट मुख्यतः यातून उद्भवते.

या अनुभवाच्या धास्तीने रुग्ण हालचाल टाळू लागतो आणि येथूनच दुसरी हानी सुरू होते. न वापरलेले मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. प्राणवायूच्या साहाय्याने दीर्घकाळ काम करणारे स्नायुतंतू त्यांत कमी होतात. परिणामी थोड्या श्रमातही लॅक्टिक आम्ल साचते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते आणि तो बाहेर टाकण्यासाठी अधिक श्वास घ्यावा लागतो. अशा रीतीने आधीच थकलेल्या फुफ्फुसांवर अशक्त पायांचा भार पडतो. धाप वाढते, हालचाल आणखी घटते आणि चक्र पुढे चालू राहते.

उपचाराची संधीही याच चक्रात आहे. नष्ट झालेले वायुकोश पुन्हा निर्माण होत नाहीत. स्नायू मात्र सरावाने पुन्हा बळकट होतात. डॉ. रिचर्ड कॅसाबुरी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की, व्यायामाच्या प्रशिक्षणानंतर तेवढेच काम करताना रुग्णांच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल कमी वाढते आणि श्वसनाची गरजही घटते. म्हणजे फुफ्फुसे होती तशीच राहूनही धाप कमी होऊ शकते.

संशोधनातून मिळणारा पुरावा

व्यायाम, रोगाविषयीचे शिक्षण आणि सवयींत बदल यांची सांगड घालणाऱ्या उपक्रमास फुफ्फुस पुनर्वसन असे म्हणतात. 'कॉक्रेन' संस्थेच्या २०१५ मधील आढाव्यात अशा ६५ चाचण्यांतील ३,८२२ रुग्णांचा विचार करण्यात आला. पुनर्वसनाने धाप व थकवा कमी होतो आणि जीवनमान व व्यायामक्षमता सुधारते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

दैनंदिन हालचालीविषयीचे निष्कर्षही लक्षणीय आहेत. कोपनहेगनमधील २,३८६ रुग्णांच्या दीर्घकालीन निरीक्षणावर आधारित २००६ मधील अभ्यासात, आठवड्यास सुमारे दोन तास चालणे किंवा सायकल चालविणे इतकी हालचाल असणाऱ्यांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचा आणि श्वसनविकाराने मृत्यूचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात, अशा निरीक्षणात्मक अभ्यासांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. हालचाल कमी म्हणून प्रकृती ढासळते, तसेच प्रकृती ढासळल्यामुळेही हालचाल कमी होते. दोन्ही प्रवाह एकत्र वाहत असल्याने सगळे श्रेय हालचालीला देता येत नाही. धाप आणि जीवनमान यांबाबतचा पुरावा मात्र प्रत्यक्ष चाचण्यांचा असल्याने तो अधिक भक्कम आहे.

क्षमता आणि सवय

क्षमता वाढली म्हणजे हालचाल वाढलीच, असे नाही. फॅबिओ पिट्टा व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात सीओपीडीचे रुग्ण दिवसाला सरासरी ४४ मिनिटे चालत, तर त्याच वयोगटातील निरोगी व्यक्ती ८१ मिनिटे चालत असल्याचे दिसले. त्यांच्याच २००८ मधील अभ्यासात तीन महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर रुग्णांची क्षमता सुधारली, पण चालण्याचा वेळ वाढला नाही; सहा महिन्यांनंतर तो सुमारे २० टक्क्यांनी वाढला. वर्षानुवर्षे जडलेली बसून राहण्याची सवय स्नायूंपेक्षा सावकाश बदलते. म्हणून कुटुंबाची भूमिका निर्णायक ठरते. बाजारातून भाजी आणणे, झाडांना पाणी घालणे, नातवंडांना शाळेत पोहोचविणे ही कामे रुग्णाकडून काढून न घेता त्याच्या गतीने करू देणे, हाही उपचारच आहे.

व्यायामाचे स्वरूप आणि दक्षता

प्रारंभी वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे, कारण या रुग्णांमध्ये हृदयविकारही वारंवार आढळतो. क्षमता मोजण्यासाठी ३० मीटर लांबीच्या सपाट मार्गावर रुग्ण सहा मिनिटांत किती अंतर चालतो, हे पाहिले जाते. व्यायामाची तीव्रता ठरविण्यासाठी शून्य ते दहा गुणांची बोर्ग श्रेणी वापरतात. सामान्यतः चार ते सहा गुणांइतकी धाप, म्हणजे वाक्य तोडून बोलावे लागेल परंतु बोलणे थांबणार नाही अशी अवस्था, योग्य समजली जाते. धाप लागणे हे येथे धोक्याचे लक्षण नसून व्यायाम पुरेसा होत असल्याची खूण आहे, हे रुग्णाला आरंभीच समजावून द्यावे लागते.

सलग चालणे अशक्य असल्यास दोन-तीन मिनिटे चालून थांबावे व पुन्हा चालावे. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडल्यास अडकलेली हवा बाहेर पडण्यास मदत होते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे असे बळवर्धक व्यायाम घरीही करता येतात. छातीत दुखणे, चक्कर येणे, ओठ निळसर होणे किंवा ऑक्सिमीटरवरील प्रमाण ८८ टक्क्यांखाली जाणे, यांपैकी काहीही घडल्यास त्वरित थांबून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चालण्याच्या जागेचाही विचार करावा लागतो. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात साठ वर्षांवरील व्यक्तींना हाइड पार्क या उद्यानात आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट या रहदारीच्या रस्त्यावर प्रत्येकी दोन तास चालविण्यात आले. उद्यानातील चालण्याने श्वसनाला झालेला लाभ रस्त्यावरील धुरात बव्हंशी नाहीसा झाला. आपल्या शहरांतील रुग्णांना मोकळ्या मैदानांची गरज का आहे, हे यावरून स्पष्ट होते.

भारतीय संदर्भ

आपल्याकडे पुनर्वसनाची केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. ग्रामीण रुग्णास आठवड्यातून दोनदा तेथे जाणे परवडणारे नाही. तथापि या उपचाराचा गाभा महागड्या यंत्रांवर अवलंबून नाही. प्रशिक्षित आरोग्यसेवक, सपाट अंगण आणि नियमित पाठपुरावा एवढ्यावरही बरेच साध्य होऊ शकते. त्याच वेळी व्यायाम हा स्वच्छ हवेला पर्याय नव्हे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचविला. परंतु सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च न झेपणाऱ्या घरात चूल पेटतच राहते. धुरात बसलेल्या स्त्रीला केवळ चालण्याचा सल्ला देणे अपुरे आहे.

निष्कर्ष

दीर्घकालीन फुफ्फुसविकारात गमावलेली फुफ्फुसक्षमता परत मिळविता येत नाही; निष्क्रियतेने गमावलेले स्नायूबळ मात्र बऱ्याच अंशी परत मिळविता येते. रुग्ण स्वतः अंघोळ करू शकतो की नाही, जिना चढू शकतो की नाही, हे बहुधा या दुसऱ्या घटकावर ठरते. म्हणून विश्रांतीचा सरसकट सल्ला बदलून मोजून-मापून, देखरेखीखाली केलेल्या हालचालीचा सल्ला रूढ होणे आवश्यक आहे. महाविद्यालयांकडे मैदाने आहेत, शारीरिक शिक्षणाचे जाणकार आहेत आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवकही आहेत. स्थानिक डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली सकाळचा एक तास हे मैदान परिसरातील अशा रुग्णांसाठी खुले ठेवणे, हे फारशा खर्चाशिवाय करता येण्याजोगे विस्तारकार्य ठरेल.