कॉपी केलं म्हणजे सुटं झालं?

कॅड शिकणाऱ्यांचा एक ठाम समज असतो: फीचर कॉपी केलं की आकार कॉपी होतो. पण फीचर ट्रीमध्ये दिसतो तो आकार नव्हे, आकार कसा घडवायचा याची कृती असते. भोक कोणत्या स्केचवरून पाडलं, ते स्केच कोणत्या फेसवर बसलंय, केंद्र कोणत्या कडेपासून 12 मिमी धरलंय, हे सगळे संबंध त्या भोकाला चिकटलेले असतात. नव्या जागी ती कडच नसेल तर 12 मिमी मोजायचे कुठून? म्हणून सॉलिडवर्क्समध्ये कंट्रोल दाबून भोक दुसऱ्या फेसवर ओढलं, की सॉफ्टवेअर विचारतं: जुने संबंध पुसू की लोंबकळत ठेवू? लोंबकळत ठेवले तर ते नव्या कडांना बांधायचं काम आपल्याकडे येतं. फ्रीकॅड अशा वेळी कॉपीला लागणाऱ्या इतर गोष्टींची यादी दाखवतं. ती न वाचता ओके दाबलं तर यादीतलं सगळंच मॉडेलमध्ये दुसऱ्यांदा अवतरतं.

याच्या उलट तक्रारही ऐकू येते. ‘एका ब्रॅकेटला भोक पाडलं तर चारही ब्रॅकेटना पडलं, सॉफ्टवेअर बिघडलंय!’ बिघडलेलं काही नसतं. फ्यूजनमध्ये कंपोनंट कॉपी करून साधं पेस्ट केलं तर तोच कंपोनंट पुन्हा मांडला जातो. स्वतंत्र हवा असेल तर ‘पेस्ट न्यू’ आहे. ही कल्पना काही नवी नाही. आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये एमआयटीत सादर केलेल्या स्केचपॅडमध्येही मूळ चित्र बदललं की त्याच्या सगळ्या प्रती बदलत.

मग सगळंच स्वतंत्र पेस्ट करावं का? तसं केलं तर एम6चं भोक एम8 करायचं ठरल्यावर प्रत्येक प्रत उघडत बसावं लागेल, आणि त्यातली एखादी हमखास राहून जाईल. माझ्या मते निकष पार्ट नंबरचा असावा. दोन नग एकाच ड्रॉइंगवरून बनणार असतील तर लिंक ठेवा; पार्ट नंबर वेगळे असतील तर लिंकचा मोह नको. फ्रीकॅडमध्ये 2021च्या 0.19 आवृत्तीपासून असेंब्लीत तोच पार्ट पुन्हा मांडण्यासाठी ‘लिंक’ आहे. पार्ट डिझाइनमधला ‘क्लोन’ही मुळाबरोबर बदलतो, पण त्यावर पुढची फीचर्स वेगळी चढवता येतात. ‘सिंपल कॉपी’त मात्र फक्त आकार उरतो, इतिहास नाही.

पॅटर्नबद्दलचा गैरसमज जास्त महागात पडतो. सहा भोकांचा पॅटर्न म्हणजे सहा भोकं नव्हेत; एक मूळ भोक आणि एक नियम, एवढंच. तिसरं भोक नको असेल तर ते ‘पुसायचं’ नसतं, पॅटर्नमध्ये वगळायचं असतं. सॉलिडवर्क्समध्ये तिथेच ‘जिऑमेट्री पॅटर्न’ नावाची एक चौकट असते. रीबिल्ड लवकर होतं म्हणून तिच्यावर डोळे झाकून टिक करणारे पुष्कळ. एका तिरप्या फेसपासून 3 मिमी अलीकडे थांबणारा कट घ्या. टिक नसेल तर प्रत्येक प्रत आपली खोली स्वतंत्रपणे मोजते आणि उताराबरोबर कमीजास्त होते. टिक केली की पहिल्या कटाचीच खोली सगळीकडे उमटते. वरून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं; सेक्शन घेतल्याशिवाय फरक कळत नाही.

‘डावा पार्ट तयार आहे, उजवा मिरर करू’ हेही तपासूनच करावं. आटे खरोखर मॉडेल केलेले असतील तर उजव्या आट्यांचे डावे होतात आणि बाजारातला साधा बोल्ट त्यात बसत नाही.

मूळ पार्टात एक कड वाढली की कॉपीचं फिलेट भलतीकडे जातं, हा दोष वापरणाऱ्याचाच असतो असंही नाही. फेस आणि कडांना सॉफ्टवेअर देतं ती नावं पुनर्गणनेत सरकतात. फ्रीकॅडमध्ये हा त्रास वर्षानुवर्षं होता. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत तो बराच कमी झाला, संपला नाही.

राहिली स्टेप फाइल. ती पाठवली की समोरच्याला माप बदलता येईल असं गृहीत धरलं जातं. व्यवहारात स्टेपमधून पोहोचते ती भूमिती. स्केच, पॅटर्न, लिंका मागेच राहतात. वरच्या पॅटर्नमधल्या सहा भोकांची आठ करायची झाली, तर व्हेंडरला जुनी सहा बुजवून नव्याने आठ पाडावी लागतात.