फाइलच्या नावातील तारीख : शोधणे वेगळे, तपासणे वेगळे



शाळेचे जुने दाखल-खारिज रजिस्टर, निकालपत्रके आणि समारंभांची छायाचित्रे स्कॅन करून संगणकात ठेवण्याचे काम सध्या चालू आहे. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आहे. मात्र ज्याने त्याने ती आपापल्या पद्धतीने लिहिली. या तारखा वेचून यादी करण्यासाठी वरच्या वर्गातील मुलांनी पायथन भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. यादी पाहतो तो १५ ऑगस्ट १९६७ चे ध्वजवंदन २०६७ सालात जाऊन बसलेले! आधी हसू आले, मग काळजी वाटली. माजी विद्यार्थी टी.सी.ची नक्कल मागायला येतात, तेव्हा याच यादीवरून कागद शोधायचा आहे.

असे का झाले? नावात १५-०८-६७ एवढेच होते. दोन आकडी साल दिले की पायथन ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ समजते आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. त्यामुळे १९६९ चा प्रजासत्ताक दिन जागेवर राहिला, १९६८ चा शंभर वर्षे पुढे गेला.

यातून आम्ही तीन पायऱ्या ठरवल्या.

पहिली, शोधणे. 'रेग्युलर एक्स्प्रेशन' वापरून 'चार आकडे, आडवी रेघ, दोन आकडे, आडवी रेघ, दोन आकडे' असा नमुना नावात शोधता येतो. पण हा नमुना फक्त रूप पाहतो. १९७२-१३-४५ हेही त्याला तारीखच वाटते.

दुसरी, पंचांगाशी ताडणे. हे काम पायथनमधील 'स्ट्रपटाइम' करते. ३१ जून दिल्यास ते 'व्हॅल्यू एरर' देते. २९ फेब्रुवारी २००० चालते, १९०० चे चालत नाही. कारण शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच लीप वर्ष असते. चूक आढळली तर स्क्रिप्ट थांबवू नये आणि अंदाजाने तारीखही भरू नये. त्या फाइलचे नाव वेगळ्या यादीत टाकावे.

तिसरी, मर्यादा पाहणे. १५ ऑगस्ट २०६७ ही पंचांगात खरी तारीख आहे, म्हणून दुसऱ्या पायरीवर ती सापडत नाही. तारीख शाळेच्या स्थापनेपूर्वीची किंवा आजच्या नंतरची असेल, तर तीही वेगळ्या यादीत जाते.

तरीही एक गोष्ट उरते. ०४-०५-१९७८ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल? दोन्ही तारखा खऱ्या आहेत, तेव्हा संगणक काहीच तक्रार करणार नाही. येथे मूळ रजिस्टर उघडून पाहण्यावाचून उपाय नाही.

म्हणून यापुढे नावाच्या सुरुवातीस आधी चार आकडी साल, मग महिना, मग दिवस लिहावा, जसे १९७८-०५-०४. आय.एस.ओ. ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हीच पद्धत सांगते. शिवाय नावे क्रमाने लावली की तारखाही आपोआप क्रमाने लागतात. पालकांनी व विश्वस्तांनी घरातील जुनी छायाचित्रे पाठवताना हीच पद्धत ठेवावी, ही विनंती. तारीख नक्की आठवत नसेल तर 'तारीख अज्ञात' असे लिहावे. रिकामी जागा पुढे भरता येते; चुकीची तारीख मात्र खरी समजून पुढच्या पिढीकडे जाते.